रोहिणीचे पाणी, दामोदरची वीज आणि आमचे गायरान

वाशिम जिल्ह्यातील एका गावच्या बुद्धविहारात आमचा रविवारचा अभ्यासवर्ग चालतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली जास्त, त्यामुळे चालू घडामोडींचे वाचनही होते. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची जलविद्युत भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली, ही बातमी अशीच एकदा वाचनात आली. वीज फक्त ४० मेगावॅट. नेपाळातील ढल्केबर, बिहारमधील मुजफ्फरपूर, बंगालमधील बहरामपूर आणि बांगलादेशातील भेरामारा ही ठाणी पोरांनी पाठही करून टाकली. मग मागच्या रांगेतल्या एकाने विचारले, "दादा, यात आपल्या समाजाचं काय?"

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

शेजारी देशांची वीज, नदी, हवामान हे विषय आपल्या चळवळीत कोणी काढत नाही. ते दिल्लीतल्या तज्ज्ञांचे, असे आपणच ठरवून टाकले आहे. बाबासाहेबांना संविधान आणि आरक्षण या दोन चौकटींत बसवण्याचे काम विरोधकांनी केले हे खरे, पण त्या चौकटींना हार घालण्याचे काम आपणही केले. शेजाऱ्यांनी एक नदी कशी वाटून घ्यावी, तिच्यातून निघणारी वीज कोणाची असावी, या प्रश्नाचा विसाव्या शतकातील भारतात मुळातून विचार करणाऱ्यांमध्ये बाबासाहेब अगदी पुढे होते. आणि त्या विचाराचे एक टोक थेट तथागतांपर्यंत जाते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या घराघरांत आहे. वर्षावासात त्याचे वाचन होते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय या शेजाऱ्यांचे शेत एकाच नदीवर भिजत होते. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. चूक फक्त कोलीयांची नाही, आपल्या माणसांचीही आहे, हे त्याने भर सभेत सांगितले. दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो बहुमताने फेटाळला गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

पण त्याच्याही पुढचे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक त्याला येऊन भेटतात आणि कपिलवस्तूची बातमी सांगतात. तो निघून गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध लोकमत उठले, संघाला ठराव फिरवावा लागला, दोन्हीकडून पाच-पाच प्रतिनिधी बसले आणि रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक वाद सोडवण्यासाठी एक कायमस्वरूपी लवाद मंडळ नेमले गेले. त्याचा निर्णय दोघांवरही बंधनकारक. बाबासाहेबांनी हा प्रसंग मुद्दाम लिहिला आहे. त्यांना युद्ध नुसते टाळायचे नव्हते. वाद पुन्हा उद्भवेल तेव्हा कोणाच्या दयेवर राहावे लागू नये, अशी संस्था त्यांना हवी होती.

ती रोहिणी आजही वाहते आहे. नेपाळात उगम पावून भारतात येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. शाक्य-कोलीयांची नदी आज दोन देशांची नदी आहे.

आता १९४५ कडे येऊ. कारण हे पान लिहिणारा माणूस केवळ धम्माचा अभ्यासक नव्हता, त्याने प्रत्यक्ष दोन शेजाऱ्यांना एका नदीवर एकत्र बसवले होते. जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजूर खाते म्हटले की आपल्याला कामाचे आठ तास आठवतात. पण सिंचन आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी पहिल्यांदा मालकीचा प्रश्न काढला. वीज खाजगी असावी की सरकारी? खाजगी असेल तर जनतेच्या हिताचे रक्षण कोण करणार? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? शेतीवर पोसता न येणाऱ्या माणसांना उद्योगात नेल्याशिवाय दारिद्र्याचे चक्र तुटणार नाही, आणि विजेवाचून उद्योग नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधाचाच हा पुढचा टप्पा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी स्पष्टच लिहिले.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला. त्याच वर्षी बंगाल दुष्काळात होरपळत होता. दामोदर तेव्हाच्या बिहारमध्ये, छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते आणि बंगालला बुडवते. म्हणजे धरण बांधायचे बिहारच्या जमिनीवर आणि पुरापासून सुटका व्हायची बंगालची. १९३५ च्या कायद्याने पाणी हा प्रांताचा विषय. मग बिहारने आपली जमीन शेजाऱ्यासाठी का बुडवावी? हाच प्रश्न आज नेपाळ भारताला विचारतो. तेव्हा तो दोन प्रांतांत होता, एवढाच फरक.

३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार सरकारच्या प्रतिनिधींची परिषद घेतली. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पुन्हा. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने सात राज्यांत पसरलेले नदीखोरे एकच घटक मानून काम केले होते. तो नमुना त्यांनी समोर ठेवला आणि तिथलेच अभियंते डब्ल्यू. एल. व्हूर्डविन यांच्याकडून दामोदरचा आराखडा तयार झाला. प्रांताची हद्द माणसाने आखली, खोरे नदीने आखले. नियोजन नदीच्या हिशेबाने व्हावे. आणि नुसते पूरनियंत्रण नको. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक सगळे एकत्र हवे. कारण एकाच लाभासाठी धरण बांधले तर ज्याला तो लाभ नाही तो शेजारी सहकार्य करणार नाही. बिहारलाही वीज आणि पाणी मिळाले पाहिजे.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांबद्दल जे मांडले, ते आजच्या हवामान धोरणातही नवे वाटावे. जास्त पाणी हे संकट आहे, ही समजूतच त्यांनी चुकीची ठरवली. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवण्याची व्यवस्था नाही हा दोष. नोव्हेंबर १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच काळात उभे राहिले. आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आणि जल आयोगाचे मूळ तिथे आहे. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. केंद्र, बिहार आणि बंगाल या तिघांचे मिळून. आमच्या मते कपिलवस्तूच्या त्या लवाद मंडळाशी या महामंडळाचे नाते आहे. कोणी याला ओढूनताणून जोडलेला संबंध म्हणेल. पण १९४५ मध्ये बंगाल-बिहारला एका टेबलावर बसवणारा माणूसच पुढे काही वर्षांनी रोहिणीच्या तंट्याला धम्मग्रंथाच्या सुरुवातीला आणतो, याला आम्ही योगायोग मानत नाही.

इथे थांबलो तर हा लेख जयंतीचे भाषण होईल. दामोदरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

व्हूर्डविनच्या आराखड्यात आठ धरणे होती, बांधली गेली चार: तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. बाबासाहेब १९४६ मध्येच या खात्यातून बाहेर पडले होते. पंचेत धरणाचे उद्घाटन झाले ६ डिसेंबर १९५९ रोजी. तारीख पुन्हा वाचा. महापरिनिर्वाणाला त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती. पंतप्रधान नेहरूंनी बटण स्वतः न दाबता धरणावर मजुरी करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ मुलीला दाबायला लावले. वर्तमानपत्रांनी त्या फोटोचे कौतुक केले. तिने स्वागताला नेहरूंना हार घातला होता. हार घातला म्हणजे लग्न झाले, तेही परक्याशी, असे ठरवून जमातीने तिला बाहेर काढले. १९६२ मध्ये तिची नोकरीही गेली. ती परत मिळवण्यासाठी तिला दोन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. ज्या विजेचे बटण तिने दाबले ती गेली कारखान्यांना आणि शहरांना. विस्थापित झालेल्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. आणि जलविद्युतीसाठी निघालेले हे महामंडळ आज मुख्यतः कोळशावर वीज करते.

मोठ्या धरणांचे पाप काही जण बाबासाहेबांच्या माथी मारतात. आम्हाला ते मान्य नाही, पण प्रश्नच उडवून लावणेही आम्हाला मान्य नाही. त्या काळात विस्थापनाकडे कोणाचेच पुरेसे लक्ष नव्हते. बाबासाहेबांच्या योजनेला दोन पाय होते. एक, शेजाऱ्यांची बरोबरीची संस्था. दुसरा, वीज आणि जमिनीची मालकी समाजाकडे, म्हणजे जे सर्वांत खाली आहेत त्यांच्यापर्यंत लाभ. पुढच्या राज्यकर्त्यांनी पहिला पाय अर्धा उचलला आणि दुसरा जमिनीवर टेकूच दिला नाही.

पहिला अर्धा कसा, ते आपल्या पैनगंगेवरूनच पाहता येईल. जुनी माणसे सांगतात, नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मोगलाई. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, पलीकडे हिंगोलीवर निजामाचे राज्य. बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगा हीच सरहद्द होती, म्हणजे आमचे आजोबा-पणजोबा एका अर्थी दुसऱ्या देशाच्या काठावर राहत होते. पुढे ही नदी यवतमाळ आणि तेलंगणाच्या मधून वाहते. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात निम्न पैनगंगेसह अनेक प्रकल्पांचा करार झाला. तो पुढे गोदावरी लवादाच्या निवाड्यात समाविष्ट झाला. करार होऊन जवळपास अर्धे शतक झाले, राज्य बदलून तेलंगण आले, २०१६ मध्ये चनाखा-कोरटा बॅरेजसाठी नवा करार झाला. पण निम्न पैनगंगेच्या बुडीत क्षेत्रातील यवतमाळ-नांदेडची गावे अजून धरणाला विरोध करत आहेत. दोन सरकारांनी सह्या केल्या. ज्यांची शेते बुडणार त्यांना त्या टेबलावर खुर्ची नव्हती. संविधानात आंतरराज्य नद्यांसाठी २६२ वे कलम आहे. १९५६ साली नदी मंडळ कायदाही झाला, आणि त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. तंटा झाला की लवाद, तंटा होऊ नये म्हणून मंडळ नाही. शाक्य-कोलीय आपल्यापेक्षा पुढे होते म्हणायचे.

देशादेशांत तरी वेगळे काय आहे? भूतानपासून सुरू करू, कारण तिथे बरे उदाहरण आहे. १९७४ च्या करारानुसार भारताने ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प बांधून दिला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. भूतानची गरज भागून उरलेली वीज भारत विकत घेतो. आज भूतानच्या जवळपास प्रत्येक घरात वीज आहे आणि कार्बन सोडण्यापेक्षा शोषणारा देश म्हणून तो ओळखला जातो. जलविद्युतीच्या कर्जाचे ओझे मात्र या छोट्या देशाच्या डोक्यावर आहे.

नेपाळचा अनुभव कडू आहे. १९५४ चा कोसी करार आणि १९५९ चा गंडक करार यांत आपली जमीन गेली आणि पाणी भारताला मिळाले, ही तिथली तक्रार आजही जिवंत आहे. १९९६ च्या महाकाली करारातले पंचेश्वर धरण अजून कागदावर आहे. म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरपासून नेपाळ भारताच्या वीज बाजारात वीज विकू लागला आणि ४ जानेवारी २०२४ रोजी दहा वर्षांत १०,००० मेगावॅटचा करार झाला, ही गोष्ट लहान नाही. भारतानेही त्यासाठी तारा जोडल्या. त्या आधी देशातल्या देशातच वीज जोडायची होती. दक्षिण भारताचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर वाहिनीने, आपल्याच महाराष्ट्राच्या मातीवर.

पण तारेच्या दोन टोकांना बरोबरी आहे का? ज्या प्रकल्पात चीनसारख्या तिसऱ्या शेजाऱ्याचा पैसा आहे त्याची वीज भारत घेणार नाही, असा नियम भारताने २०२१ मध्ये एकट्याने केला. सुरक्षेचे कारण समजू शकते. पण नियम करताना शेजाऱ्याला विचारले गेले नाही. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, तिथेच विजेच्या सहकार्याचा करार झाला. त्यानंतर परिषदच भरलेली नाही. सिंधू पाणीवाटप करार १९६० पासून तीन युद्धे पचवून टिकला होता. पहलगामच्या क्रूर हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. दहशतवादाविषयी आमच्या मनात कसलीही सहानुभूती नाही. तरी नदीच्या काठचा शेतकरी, मग तो कुठल्याही बाजूचा असो, अशा प्रत्येक निर्णयात आधी भरडला जातो, हे सांगायला सिद्धार्थाइतकी नाही तरी थोडी हिंमत आपल्यात हवी.

आणि गोड्डा. झारखंडातील संथाळ परगण्यात अदानी समूहाचा १,६०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. २०१७ च्या करारानुसार त्याची सगळी वीज बांगलादेशासाठी. कोळसा परदेशातून येणारा, धूर संथाळ गावांवर, वीज सीमेपलीकडे, नफा कंपनीला. भूसंपादनाला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता. यालाही शेजारी देशांचे ऊर्जा सहकार्यच म्हणतात. पंचेतपासून गोड्डापर्यंत साठ वर्षे गेली, पण बुधनीच्या लोकांच्या वाट्याला काय आले?

आंतरराष्ट्रीय हवामान परिषदेत भारत एक अत्यंत न्याय्य मुद्दा मांडतो. प्रदूषण श्रीमंत देशांनी केले, मग कपातीचा भार गरीब देशांवर सारखा का? ज्याने जास्त जाळले त्याने जास्त द्यावे. २०१५ च्या पॅरिस करारापर्यंत आणि नंतरही हीच भूमिका राहिली. ही भाषा आपली आहे. ऐतिहासिक अन्यायाची भरपाई हे तत्त्व आरक्षणाच्या मुळाशी आहे. मग तेच तत्त्व गावात का लागू होत नाही? ज्या वस्तीने ना कोळसा जाळला, ना एसी लावला, तिच्याकडून स्वच्छ ऊर्जेसाठी जमीन का मागितली जाते? जगाच्या व्यासपीठावर बहिष्कृताची भाषा आणि गावात आल्यावर पाटलाची, असा हा प्रकार आहे.

होय, आता आम्ही गायरानावर आलो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्यभर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही योजना गरजेची आहे. पण प्रकल्पांसाठी सरकारी जमीन, तीत गायरानही, दिली जाते. आणि गायरान म्हणजे नकाशावरची मोकळी जागा नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. त्या लढ्याच्या बळावर आपल्या माणसांनी दगड वेचून, झुडपे काढून ही पड जमीन वहितीत आणली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायची होती. अनेकांची फाइल अजून हलली नाही. २०२२ मध्ये राज्यभर अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा आपल्या किती घरांत चूल पेटली नव्हती, ते आम्ही पाहिले आहे. सौर कृषी पंपाची वेगळी योजना आहे, तीत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के रक्कम भरावी लागते. चांगली गोष्ट आहे. पण पंपाला सातबारा लागतो, आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याने पंप कुठे बसवायचा?

आमच्या भागातल्या एका गावात तीस-पस्तीस वर्षांपासून गायरान कसणाऱ्या आठ कुटुंबांना, मोजणी करायला माणसे आली तेव्हाच कळले की तिथे पॅनेल लागणार आहेत. ग्रामसभेत हा विषय निघाल्याचे त्यांच्यापैकी कोणालाही आठवत नव्हते. आम्ही सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. त्या कुटुंबांची मागणीही साधी होती: आधी आमची नावे लावा, मग आमच्याशी भाड्याचा करार करा. खाजगी जमीनमालकाला भाडे मिळते, तर कसणाऱ्याला का नको? दोन माणसे त्यांची, दोन आमची, एक सर्वांना चालेल असा. हे त्यांच्यातल्या एका आजीने सुचवले. विहारात ग्रंथवाचन नियमित ऐकणारी बाई आहे.

ज्याने विचारले होते "यात आपलं काय", तो पोरगा सध्या तहसीलच्या चकरा मारतो आहे. या कुटुंबांना १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करायचा आहे, आणि त्यासाठी गाव नमुना एक-ई चा जुना उतारा, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, हा सर्वांत भक्कम पुरावा. आठपैकी पाच नावे १९८७-८८ च्या नोंदीत सापडली आहेत. उरलेल्या तिघांपैकी एकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्या काळातली दंडाची पावती निघाली. दोघांचा शोध चालू आहे. कोणाकडे अशा जुन्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी असतील तर त्या लॅमिनेशन न करता जपून ठेवा, झेरॉक्स काढा आणि आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना दाखवा.

जयभीम.